गाडी सेल्फ घेत नाही? बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

सकाळी चावी फिरवली आणि नुसता 'टक्' असा आवाज आला, की बहुतेक जण थेट बॅटरीचं दुकान गाठतात. दोष अल्टरनेटरचा (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) निघाला तर नवी बॅटरीही आठ-पंधरा दिवसांत बसते आणि पैसे वाया जातात. म्हणून आधी साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, २० डीसी व्होल्टवर ठेवा, त्याच्या दोन वायरी बॅटरीच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हवर लावा आणि तीन आकडे कागदावर लिहा.

पहिला आकडा गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सेल्फ मारण्याआधी घ्यायचा. १२.६ किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. दुसरा आकडा कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून त्याच वेळी बघा. बॅटरी भरलेली असूनही आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी आतून गेली आहे. रिकामी असेल तर आधी पूर्ण चार्ज करा, मग निर्णय घ्या. तिसरा आकडा इंजिन चालू असताना, हेडलाइट आणि एसी लावून, रेस १५०० च्या आसपास ठेवून घ्या. १३.५ ते १४.५ आला तर चार्जिंग ठीक आहे. आकडा १२.५ वरच अडकला असेल तर चार्जिंग होत नाही, आणि १५ च्या वर जात असेल तर व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर (गॅरेजच्या भाषेत कटआउट) बिघडलाय. बॅटरी उकळून पाणी आटतं. नव्या गाड्यांत अल्टरनेटर ईसीयूच्या (गाडीच्या कॉम्प्युटरच्या) हुकमावर चालतो, तिथे आकडा मधूनच खाली येतो. लोड लावून, दोन-तीन मिनिटं बघूनच ठरवा.

आपल्याकडे उन्हाचा हिशेब वेगळा. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, बॉनेटखाली तर विचारूच नका. रेग्युलेटर उष्णतेत व्होल्टेज मुद्दाम थोडं कमी ठेवतो, त्यामुळे भर दुपारी १३.५ दिसला म्हणून अल्टरनेटर खोलू नका. उन्हात बॅटरीच्या प्लेटा गंजतात, पाणी आटतं. पण गाडी तेव्हा निमूट चालू होते. धुळ्यात डिसेंबरची थंडी पडली, ऑइल घट्ट झालं, की तीच बॅटरी दगा देते. पाणी भरायची बॅटरी असेल तर एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी पातळी बघा आणि फक्त डिस्टिल वॉटर टाका. बोअरचं किंवा आरओचं पाणी नको.

चार्जिंग कमी दिसलं तरी अल्टरनेटर लगेच काढू नका. आधी बेल्ट बघा: चिरा, चकाकी, सुरू करताना चीं-चीं. मग टर्मिनल. पांढरट-हिरवी भुकटी साचली असेल तर आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह केबल काढा. गरम पाण्यात खायचा सोडा घालून टूथब्रशने घासा, कोरडं करून आवळा, जोडताना पॉझिटिव्ह आधी. यानंतरही शंका असेल तर लोडवर इंजिन चालू ठेवून मीटरच्या एका वायरीचं टोक अल्टरनेटरच्या बी टर्मिनलवर (जिथून करंट बॅटरीकडे जातो) आणि दुसरीचं बॅटरीच्या पॉझिटिव्हवर लावा. ०.३ च्या वर दिसलं तर वायर किंवा तिच्या टोकाचा लग खराब. तसंच अल्टरनेटरची बॉडी ते निगेटिव्ह: ०.२ च्या वर म्हणजे अर्थिंग कच्चं. इथेच कित्येक अल्टरनेटर विनाकारण बदलले जातात.

चावी ऑन केल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. जुन्या गाड्यांत तो दिवाच उडाला तर अल्टरनेटर जागा होत नाही. दिवा ठीक आणि वायरिंगही ठीक असेल, तर कार्बन ब्रश तपासा. काळ्या मातीचा धुरळा आणि कपाशीच्या हंगामातली तंतूंची जळमटं जाळीतून आत जातात. ब्रश झिजतात, हवा अडते.

एक विनंती कळकळीची: चालू इंजिनमध्ये बॅटरीची केबल काढून अल्टरनेटर 'तपासू' नका. व्होल्टेजचा झटका बसून ईसीयू जळू शकतो.

चार्जिंग बरोबर, बॅटरीही चांगली, तरी दोन दिवसांत उतरते? मग करंट कुठेतरी गळतोय. गाडी बंद करा, निगेटिव्ह केबल काढून ती केबल आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्या मध्ये मीटर १० अँपिअर रेंजवर जोडा, सेल्फ मारू नका, अर्धा तास थांबा. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. अर्धा अँपिअर दिसला तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. ३५ ची बॅटरी दोन-तीन दिवसांत झोपते. एकेक फ्यूज काढत जा. जो फ्यूज काढल्यावर आकडा खाली येईल त्याच्या लाइनीवर दोष. बाहेरून बसवलेलं जीपीएस आणि म्युझिक सिस्टीम आधी बघा. कोणत्याच फ्यूजने फरक पडला नाही तर बॅटरी पूर्ण सोडवून अल्टरनेटरची बी वायर काढा, तिचं टोक टेपने गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आता आकडा शून्याजवळ आला तर अल्टरनेटरमधली डायोड प्लेट गेली.