आवडता ब्लॉग वाचून स्वतःचा सुरू करताय? या चुका टाळा

स्वतःचा ब्लॉग असावा, असं वाटायला लावतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचा तरी ब्लॉग. त्यात वावगं काहीच नाही. गोची पुढे होते. आपल्यासमोर असतं ते त्या ब्लॉगचं आठ-दहा वर्षांनी पिकलेलं रूप, आणि आपण पहिल्याच दिवशी तेच उभं करायला जातो. म्हणून आधी त्या ब्लॉगच्या जुन्या लेखांमध्ये जा आणि अगदी सुरुवातीचे दहा लेख वाचा. ते छोटे, अडखळणारे, कधी कधी विषय चुकलेले असतात. तुमच्या पहिल्या महिन्याची तुलना करायचीच असेल तर त्यांच्याशी करा.

सगळ्यात महाग पडते ती सूर उचलण्याची चूक. आवडत्या लेखकाची लकब, त्याचे लाडके शब्द, परिच्छेद तोडायची पद्धत आपसूक आपल्या हातात उतरते. दोन-तीन लेख झोकात होतात. मग सुचेनासं होतं, कारण तो सूर त्याच्या अनुभवातून आलेला असतो आणि आपला साठा वेगळा असतो. यावर एक उपाय हमखास कामाला येतो. आवडलेला एकच लेख घ्या आणि प्रत्येक परिच्छेदापुढे, तो काय सांगतो हे न लिहिता, तो काय *करतो* हे चार शब्दांत लिहा: ‘एक वस्तू दाखवतो’, ‘शंका काढतो’, ‘जुनी आठवण जोडतो’, ‘मत बदलतो’. आता मूळ लेख बंद करा आणि दुसऱ्या दिवशी फक्त हा सांगाडा समोर ठेवून आपल्या विषयावर लिहा. बांधणी शिकायला मिळते, शब्द मात्र तुमचेच राहतात. प्रभाव एकाच ब्लॉगचा असेल तर नक्कल टाळणं अवघड जातं. निदान तीन वेगवेगळ्या धाटणीचे लेखक असे उलगडून पाहा.

‘मला कुणी प्रेरणा दिली’ हाच पहिला लेख करण्याचा मोह आवरा. ओळख नसलेल्या वाचकाला त्या यादीतून काहीच मिळत नाही. ऋण मान्य करायचंच, पण जिथे कल्पना वापरली त्याच वाक्यात, आणि दुवा नेमक्या लेखाचा द्या. नुसत्या मुख्य पानाचा दुवा दिला तर वाचकाला मूळ मजकूर सापडत नाही. छायाचित्राच्या बाबतीत मात्र श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. परवाना पाहा, नाहीतर विचारा.

दिसणं उसनं घेतानाही देवनागरी आडवी येते. इंग्रजी ब्लॉगसाठी बनवलेल्या थीममध्ये, म्हणजे ब्लॉगच्या तयार साच्यात, शीर्षकातली अक्षरं बऱ्याचदा मोकळी सुटी ठेवलेली असतात. तेच माप मराठीला लागलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द तुकड्यांत दिसतो. अक्षरांमधलं हे अंतर शून्य करा. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट ठेवा, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडत नाहीत. छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर चिकटवल्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षर-संकेतांत, बदलून घ्या. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घालाच.

लेखाचा पत्ता, म्हणजे ब्राउझरच्या पट्टीत दिसणारी त्याची यूआरएल, हे आणखी एक दुखणं. ब्लॉग चालवायची वर्डप्रेस ही प्रणाली पत्त्यातला शीर्षकाचा भाग २०० चिन्हांवर कापते आणि पत्त्यासाठी रोमन अक्षरं-आकड्यांत बदललेल्या सांकेतिक रूपात देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलन्त ९ चिन्हं खातं. ‘माझ्या लेखनावर झालेले संस्कार’ या शीर्षकाचा पत्ता त्यामुळे ‘झालेले-सं’ इथेच तुटतो. गूगलच्या ब्लॉगर या सेवेवर तर मराठी शीर्षकातून बहुधा ‘ब्लॉग-पोस्ट’ असा निरर्थक पत्ता तयार होतो. दोन्हीकडे, प्रसिद्ध करण्याआधीच रोमन लिपीत तीन-चार शब्दांचा पत्ता हाताने घाला. नंतर बदलला तर लोकांनी साठवलेले दुवे तुटण्याची भीती असते.

शोधयंत्रात ब्लॉग दिसतच नसेल तर वर्डप्रेसच्या वाचन-सेटिंगमध्ये शोधयंत्रांना मनाई करणारी खूण राहून गेली आहे का ते आधी पाहा. पान रेंगाळत असेल तर मोबाइलवरून थेट चढवलेले फोटो तपासा: रुंदी १२०० ते १६०० पिक्सेलवर आणा, आणि घरात काढलेला फोटो असेल तर त्यात दडलेली स्थळाची नोंदही पुसा.

बॅकअपबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. वर्डप्रेसमधून मजकूर एकत्र उतरवून देणाऱ्या निर्यात फाइलमध्ये सगळंच येतं असं वाटतं. तिच्यात लेख, पानं आणि प्रतिक्रिया येतात, पण फोटो येत नाहीत, फक्त त्यांचे पत्ते येतात. जुनी जागा बंद झाली की ते पत्तेही निकामी. फोटोंचं फोल्डर वेगळं उतरवून ठेवा, आणि प्रत्येक लेखाचा कच्चा मजकूर साध्या फाइलमध्ये स्वतःच्या संगणकावर असू द्या.