जळल्यावर लोखंड जड होतं, पोरांना दाखवायचं कसं

‘जळलं की वजन कमी होतं,’ असं माझ्याकडे गिरगावात शिकवणीला येणारी पोरं छातीठोकपणे सांगतात. सांगू द्या. आधी त्यांचंच म्हणणं खरं ठरू द्यायचं, म्हणून सुरुवात कागद आणि कापरापासून.

स्वयंपाकघरातला वजनकाटा चालणार नाही, तो ग्रॅमच्या खाली बोलत नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. स्टील वूल, म्हणजे लोखंडाच्या केसासारख्या तारांचा गुंता, मुंबईत नागदेवीला हार्डवेअरवाल्यांकडे विचारा, सगळ्यात बारीक, चार शून्यांचं (०००० नंबरचं). भांड्यांची तारेची घासणी नको. ती जाड आणि स्टेनलेस, धड पेटत नाही.

८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए-फोर कागद जवळजवळ ५ ग्रॅम भरतो. ताटलीसकट वजन करा, ताटलीतच जाळा, पुन्हा वजन करा. बरंचसं गेलेलं असतं. उरलेल्या राखेत कागदात मुळात घातलेली खडूची भुकटीही असते. कापराचं जवळपास काहीच उरत नाही. मात्र तो पेटवण्याआधीच हवेत उडत असतो, तेव्हा वजन झाल्याबरोबर काडी लावा.

आता लोखंड. ५ ग्रॅम स्टील वूल कापसासारखं पिंजून खोलगट स्टीलच्या ताटलीत ठेवा, खाली लादीचा तुकडा. पंखा बंद. गॅलरीत करणार असाल तर वाळत घातलेले कपडे आधी काढा, ठिणग्या उडतात. मोठं माणूस जवळ हवंच. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवली की पेटतं. ज्वाळा नाही, लाल धग सरकत जाते. पुठ्ठ्याने हलकेच वारा घाला. फुंकर मारू नका.

पूर्ण थंड होऊ द्या. गरम ताटलीभोवती हवा वर चढते आणि काटा कमी दाखवतो. नेमक्या इथेच घाई होते. मग वजन करा: वाढलेलं. हवेतला ऑक्सिजन लोखंडाला चिकटला. सगळं लोखंड जळलं असतं तर ५ ग्रॅमचे सुमारे ७ झाले असते. आतलं बरंच कोरं राहतं, म्हणून वाढ थोडी. ठिणग्यांबरोबर बाहेर पडलेले कणही हिशेबातून जातात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हॉजिएला १७७२ साली गंधक आणि फॉस्फरस जाळताना हीच वाढ दिसली होती.

पावसाळ्यात स्टील वूलचं पाकीट उघडं ठेवू नका. मुंबईच्या दमट हवेत ते गंजतं, म्हणजे तुमचा प्रयोग हवाच आधी उरकून टाकते.

एखादं चलाख पोर विचारतंच, ‘मग कागदाचं का नाही वाढलं?’ वाढलं की! कागदातल्या सेल्युलोजचे ५ ग्रॅम जळायला सुमारे ६ ग्रॅम ऑक्सिजन घेतात, पण तयार झालेला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ गॅलरीतून निघून जातात. ते पकडायला बंद बरणीत जाळून बघायचा हट्ट होईल. घरी नको, काच तडकते.