स्पार्क प्लग पाहून कार्बोरेटरचे मिश्रण कसे ओळखावे

प्लग काढून त्याचा रंग पाहणे ही गॅरेजमधली रोजची गोष्ट आहे; परंतु गाडी सिग्नलला थांबत आणि शेवटी दोन मिनिटे आयडलवर चालत तिथवर आलेली असेल, तर प्लगवरची काजळी त्या दोन मिनिटांचीच असू शकते. प्लगच्या चिनीमातीचे टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापले की काजळी जळून जाते. आयडलवर ते तितके तापत नाही, म्हणून हवा आणि पेट्रोलचे मिश्रण योग्य असलेल्या गाडीचाही प्लग काळा दिसतो.

मेन जेट (पूर्ण थ्रॉटलला पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे कार्बोरेटरमधले छिद्र) तपासायचा असेल, तर इंजिन आधी पूर्ण गरम करून त्याच हीट रेंजचा (उष्णता बाहेर टाकण्याच्या क्षमतेचा) नवा प्लग बसवावा, रिकाम्या सरळ रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडून काही सेकंद गाडी पळवावी आणि थ्रॉटल न सोडता किल स्विच बंद करून त्याच क्षणी क्लच दाबावा. हँडल लॉक चावीतच असलेल्या गाडीला किल स्विच नसेल, तर हा प्रयोग करू नये; चावी फिरवताना हँडल लॉक होऊ शकते. गाडी थांबल्यावर प्लगभोवतीची धूळ फुंकून मगच तो काढावा. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे सहज खराब होतात, तेव्हा पान्यावर जोर लावू नये.

टोकाच्या रंगापेक्षा चिनीमाती जिथे आत लोखंडी कवचात शिरते, तिथले कडे टॉर्चच्या उजेडात, शक्यतो भिंगातून पाहावे. तिथे फिकट तपकिरी किंवा करडी छटा असेल तर मिश्रण ठीक आहे. कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आहे. आणि चिनीमाती खडूसारखी पांढरीशुभ्र, तिच्यावर बारीक फोड किंवा धातूचे ठिपके असतील तर पेट्रोल कमी पडत आहे आणि गाडी तशीच पळवणे धोक्याचे आहे. फोर-स्ट्रोकच्या प्लगवरचा ओला, तेलकट काळेपणा मात्र सहसा झिजलेल्या रिंगांचा किंवा व्हॉल्व्ह सीलचा असतो. त्यासाठी जेट बदलणे व्यर्थ आहे.

जेटला हात लावण्यापूर्वी तुंबलेला एअर फिल्टर, अडकलेला चोक आणि कार्बोरेटर इंजिनला जोडणारे मॅनिफोल्डचे रबर चिरले आहे का ते पाहावे, कारण पहिले दोन दोष प्लग काळा करतात आणि तिसरा पांढरा. त्यानंतरच दुरुस्ती करावी. पाव थ्रॉटलपासून पाऊण थ्रॉटलपर्यंत कार्बोरेटरमधल्या, थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या सुईचा अंमल चालतो, तिथे सुईवरची क्लिप एक खाच खाली सरकवल्यास सुई वर उचलली जाऊन पेट्रोल वाढते; पूर्ण थ्रॉटलला मेन जेटचा आकडा (म्हणजे छिद्राचे माप) बदलावा लागतो. टू-स्ट्रोकवर नेहमी जास्त पेट्रोलकडून कमीकडे यावे, उलट दिशेने गेल्यास पिस्टन जाम होण्याची भीती असते.

शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला केवळ ९ पट. त्यामुळे जुन्या जेटवर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) भरले की मिश्रण आपोआप थोडे कमी पेट्रोलाचे होते, आणि प्लगही फिकट दिसू शकतो. म्हणून चाचणी रोजच्या वापरातल्या पेट्रोलवरच घ्यावी.