एसीचा वास: धुण्याआधी शोधा आणि या चुका टाळा

एसीतून वास यायला लागला की घरोघरी दोनच गोष्टी होतात. एक तर जाळीवर रूम फ्रेशनरचा फवारा बसतो, नाहीतर मेकॅनिकला फोन जातो: "गॅस संपलाय वाटतं, बघून जा." फवाऱ्याने वास तासभर दबतो आणि मग सुगंध आणि कुबटपणा मिळून खोलीत बसवत नाही. फ्रेशनरचा चिकट अंश कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर, राहतो आणि त्यावर धूळ आणखी धरते. आणि गॅसचा या वासाशी बहुतेक वेळा काहीच संबंध नसतो.

वास कुठून येतोय हे न बघता उपाय सुरू करणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

वास कधी येतो, ते आधी बघा

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा वरून ओढतो, जाळीतून आणि थंड कॉइलमधून नेतो आणि ब्लोअरने, म्हणजे आतल्या पंख्याने, समोर फेकतो. त्यामुळे बाहेरच्या युनिटवर कबुतरं बसतात म्हणून घरात वास येतो, हा समज सोडून द्या. विंडो एसीची गोष्ट वेगळी. त्यात बऱ्याचदा हवा बदलायची एक छोटी झडप असते आणि ती उघडी राहिली तर गल्लीतला वास थेट बेडरूममध्ये येतो. आधी ती बंद आहे का बघा.

तपासणी अशी करा. एसी बंद ठेवून खिडक्या अर्धा तास उघड्या टाका आणि तुम्ही खोलीबाहेर थांबा. नाकाला वासाची सवय होते, त्यामुळे त्याच खोलीत बसून निदान होत नाही. मग खिडक्या लावून परत या आणि एसी पाच मिनिटं नुसत्या फॅन मोडवर चालवा, नंतर कूलवर. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं कुबट वास आला आणि गारवा धरल्यावर कमी झाला, तर दोष कॉइल आणि ब्लोअरवरच्या ओल्या घाणीचा. मोरीसारखा किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आला आणि पंखा चालू असेपर्यंत टिकला, तर दोष एसीतलं पाणी बाहेर नेणाऱ्या ड्रेन पाइपाचा. दोन-तीन दिवसांत वाढत जाणारा सडका वास म्हणजे आत पाल किंवा उंदीर मेलाय. एसी बंद असतानाही वास येत असेल, तर गादी, पडदे, ओल आलेली भिंत बघा. एसी तो वास फक्त फिरवतोय.

कुबट वास: ओल कुठे राहते?

मुंबई-कोकणच्या दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभराहून जास्त पाणी काढू शकतो. ते सगळं पाणी कॉइलवर जमतं आणि खालच्या ट्रेमधून बाहेर जातं. जाळीतून सुटलेली बारीक धूळ, कातडीचे कण, फोडणीच्या धुरातलं तेल त्याच ओल्या कॉइलवर चिकटतं. रात्रभर चालून सकाळी एसी बंद झाला की आतला अंधार, ओल आणि हे खाद्य बुरशीला आणि जिवाणूंना पुरेसं असतं. संध्याकाळी पुन्हा सुरू केल्यावर पहिली हवा या थरावरूनच येते, म्हणून तो ओल्या पायमोज्यांसारखा वास. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात हवा कोरडी असते, पाणी कमी सुटतं आणि धूळ नुसती साठत राहते. जूनमध्ये दमटपणा आला की तीच धूळ भिजते. "काल-परवापर्यंत ठीक होता" ही तक्रार तिथे पावसाबरोबरच सुरू होते.

इथे एक चूक जवळजवळ सगळेच करतात. एसी आतून वाळावा म्हणून रिमोटवर 'ड्राय' मोड लावतात. नावावरून तसं वाटतं खरं, पण ड्राय मोडमध्ये कॉम्प्रेसर चालूच असतो आणि कॉइलवर पाणी जमतच राहतं. तो मोड खोलीतल्या हवेची आर्द्रता कमी करण्यासाठी आहे. कॉइल वाळवायची असेल तर बंद करण्याआधी २० ते ३० मिनिटं फॅन मोड लावा. तुमच्या मॉडेलमध्ये ऑटो क्लीन असेल तर रिमोटने बंद केल्यावरही आतला पंखा काही वेळ चालत राहतो. वीज वाचवायला लगेच भिंतीवरचं बटण बंद केलं, तर हे वाळवणं रोज अर्धवट राहतं. पंखा आपोआप थांबेपर्यंत बटणाला हात लावू नका.

बर्फ जमवून तो वितळवणारा सेल्फ क्लीन असेल तर तोही फक्त कॉइल धुतो. त्याच्या मागचा ब्लोअर तसाच राहतो आणि जुन्या वासाचं मूळ अनेकदा तिथेच असतं. एमसीबी (एसीचा मेन स्विच) बंद करा, हवेची पट्टी हाताने हळूच उघडा आणि टॉर्च मारा. आत लांबट नळकांडं दिसेल, बारीक पात्यांचं. एका पात्याच्या आतल्या वळणात कानात घालायची कापसाची काडी फिरवून बाहेर काढा. कापूस नुसता राखाडी झाला तर धूळ आहे. काळा, ओलसर आणि बुळबुळीत झाला तर जाळी कितीही धुतली तरी वास जाणार नाही, ब्लोअर धुवावाच लागेल. तो अर्धवट धुवू देऊ नका. काही पात्यांवर घाण राहिली की तोल जातो आणि एसी घरघरायला लागतो.

जाळीचं काम सोपं आहे, पण तिथेही घाई नडते. दर दोन आठवड्यांनी काढा, रस्त्याकडेला घर असेल तर दर आठवड्याला. पाणी मागच्या बाजूने सोडा, म्हणजे धूळ पुढे निघून जाते. समोरून धुतली तर ती छिद्रांत रुतते. कढत पाणी नको, प्लास्टिकची चौकट वाकते आणि फटीतून धूळ आत जाते. सावलीत पूर्ण वाळवा. ओली जाळी बसवणं म्हणजे आत ओल नेऊन ठेवणं.

ड्रेन पाइप, ज्याकडे कोणी बघत नाही

फ्लॅटमध्ये एसीचा पाइप बऱ्याचदा भिंतीतल्या पीव्हीसी लाइनला जोडून बाथरूममध्ये नाहीतर थेट सांडपाण्याच्या उभ्या पाइपात सोडलेला असतो. स्प्लिट एसीत ट्रे ब्लोअरच्या आधी असतो, म्हणजे हवा ओढली जाते त्या बाजूला. पाइपाचं दुसरं टोक गटाराच्या हवेला उघडं असेल, तर पंखा ती हवा थोडी थोडी वर खेचतो. अशा घरात वर्षात चार सर्व्हिसिंग केली तरी वास परत येतो आणि दोष बिचाऱ्या मेकॅनिकला लागतो.

खात्री करायला एक दिवस पुरतो. पाइप त्या भोकातून ओढून काढा, टोक रिकाम्या बादलीत सोडा आणि भोक प्लास्टिकची पिशवी व टेपने बंद करा. वास थांबला तर कारण सापडलं. कायमचा उपाय म्हणजे पाइप गटारात न खुपसता नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे बाथरूमच्या फरशीतल्या पाणी जायच्या भोकाच्या, जाळीवर दोन इंच अंतर ठेवून सोडणं. ट्रॅपमधलं पाणी गटाराची हवा अडवतं. पण न वापरलेल्या बाथरूममध्ये ते पाणी आटतं, म्हणून आठवड्यातून एकदा तिथे तांब्याभर पाणी ओता. पाइप भिंतीतल्या लाइनलाच जोडावा लागत असेल तर प्लंबरकडून पाण्याचा ट्रॅप बसवून घ्या, उघडून साफ करता येईल असा.

बादलीत पाइप सोडत असाल तर टोक पाण्यात बुडू देऊ नका. बुडालं की पाणी मागे तुंबतं, गुडगुड आवाज येतो आणि ट्रे भरलेला राहतो. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डासही होतात, बादली रोज रिकामी करा. पाइपाला दर फुटाला पाव इंच उतार हवा. मधेच झोळ पडलेल्या लवचीक पाइपात पाणी थांबून शेवाळ धरतं.

तुंबलेला पाइप बाहेरच्या टोकाकडून फुंकणं किंवा पंपाने हवा मारणं टाळा. सगळा गाळ ट्रेमध्ये आणि तिथून भिंतीवर येतो. पाणीही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर बाहेरच्या टोकाला कापडाने घट्ट धरून एक-दोन मिनिटं चालवा.

गॅसबद्दल

एसीत भरतात त्या आर-३२ किंवा आर-४१०ए या गॅसना ओळखू येईल असा वास जवळजवळ नसतोच. गळतीची खूण म्हणजे गारवा कमी होणं, पाइपावर किंवा कॉइलवर बर्फ धरणं, नटांच्या जोडाशी तेलकट डाग. यातलं काही नसताना नुसत्या वासासाठी गॅस भरून घेऊ नका. संबंध असलाच तर उलटा असतो. नाल्याजवळच्या, खाडीकाठच्या घरांत गटारातला हायड्रोजन सल्फाइड तांब्याची कॉइल काळी पाडून पोखरतो आणि मग गॅस गळतो. तिथे गॅस भरण्याआधी कॉइलचा रंग बघा आणि गळती शोधायला सांगा.

कुजक्या कोबीसारखा उग्र वास आला तर मात्र एसीचा विचार सोडा आणि स्वयंपाकाच्या सिलिंडरचा करा. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, एसीसह कुठल्याही बटणाला हात न लावता बाहेर पडायचं आणि १९०६ वर फोन करायचा.

जळका वास

एमसीबी बंद करा, मेकॅनिक येईपर्यंत लावू नका. "एकदा लावून बघूया" इथे चालत नाही. प्लग आणि १६ अँपिअरचा सॉकेट काळवंडलाय का ते बघा, ढिला जोड हे नेहमीचं कारण. एक्स्टेंशन बोर्डावर एसी लावलेला असेल तर तो काढाच. सॉकेटचं काही प्लास्टिक तापलं की चक्क माशासारखा वास येतो. घरात मासे नसताना प्लगजवळ तो आला तर हसण्यावारी नेऊ नका.

काय ओतू नये

कॉइल स्वच्छ करायला व्हिनेगर वापरा, असा सल्ला सगळीकडे फिरतो. व्हिनेगरमधलं आम्ल तांब्याच्या नळीत मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक भोकं पाडू शकतं. टॉयलेटचं ॲसिड, ब्लीच आणि कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खातात. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले तर क्लोरिन वायू सुटतो आणि तो घशाला, फुप्फुसांना घातक असतो. एसीसाठीचं सौम्य, आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असं क्लीनर घ्या आणि नंतर साध्या पाण्याने पूर्ण धुवा. राहिलेला साबण पुन्हा धूळ पकडतो.

जेट पंप मारणारा मेकॅनिक असेल तर दाब कमी ठेवायला सांगा. फवारा पट्ट्यांवर सरळ पडला पाहिजे. तिरक्या जोरदार फवाऱ्याने त्या आडव्या होतात आणि हवा अडते. बहुतेक एसींत उजव्या बाजूला पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, असतो, तो झाकल्याशिवाय पाणी सुरू करू देऊ नका.

मेकॅनिक निघण्याआधी लिटरभर पाणी कॉइलवर हळूहळू ओतायला लावा आणि ते पाइपाच्या टोकाला सलग धारेने येतंय का, तुम्ही स्वतः जाऊन बघा. नुकताच धुतलेला एसी त्या दिवशी वास देत नाहीच. रात्री नेहमीसारखा वापरा, खोली बंद ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सुरू केल्यावर पहिल्या पाच मिनिटांत युनिटखाली उभे राहून वास घ्या.