ट्रान्समवर सेन्सर बसवताना आधी पाणी पाहा

बोटीच्या मागच्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, खोली आणि वेग मोजणारा सेन्सर बसवायचा असेल, तर ड्रिल हातात घेण्याआधी बोट वेगात असताना मागचं पाणी नीट पाहा. जिथे फेस नाही आणि पाणी बोटीच्या तळाला चिकटून सपाट निघतं, तीच जागा. सेन्सर खोली ध्वनिलहरींनी मोजतो आणि बुडबुड्यांतून त्या नीट जात नाहीत. मग वेग वाढला की खोलीचा आकडा गायब होतो. बोटीच्या पंख्याजवळची (प्रोपेलरजवळची) जागा टाळा, तसंच तळावरच्या पट्ट्या, रिव्हेट किंवा पाणी ओढणारं तोंड यांच्या मागची. पंखा मागून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर उजवी बाजू बरी, कारण तिथे पाती खाली जातात.

सेन्सरचा खालचा भाग तळापेक्षा काही मिलिमीटरच खाली हवा. नेमकं माप उत्पादकाच्या पुस्तिकेतून घ्या. भोकं पाडण्यापूर्वी कागदी साचा चिकटवा. प्रत्येक भोकात मरीन सीलंट (पाणी अडवणारा लेप) भराच! नाहीतर पाणी आत शिरतं. फळीच्या गाभ्यात लाकूड असेल तर ते आतून कुजतं आणि बाहेरून बराच काळ कळत नाही. केबल पाण्याच्या रेषेच्या वरून आत घ्या, जास्तीची कापू नका, गुंडाळून ठेवा. सेन्सरवरचं वेग मोजणारं चाक बोटाने सहज फिरतंय ना, तेही तपासा.