रिलीफ पिचरचे आकडे लीग अ‍ॅव्हरेजशी लावताय? आधी या चुका टाळा

बेसबॉल नव्याने बघायला लागलेली आपली मंडळी दुसऱ्या आठवड्यात एक्सेल उघडतात आणि तिसऱ्या आठवड्यात "रिव्हेरा ओव्हररेटेड आहे" असं ठरवून मोकळी होतात. रिव्हेरा म्हणजे यँकीजचा गाजलेला रिलीफ पिचर (रिलीव्हर), म्हणजे मॅच सुरू करणाऱ्या पिचरच्या, स्टार्टरच्या, जागी नंतर येऊन बॉल टाकणारा. माझ्या भाच्याने हेच केलं. रात्री साडेअकराला मेसेज, "मामा, तुझा मारियानो रिव्हेरा पहिल्या तीन वर्षांत काही खास नव्हता, ईआरए 3.16". ईआरए म्हणजे पिचरने दर नऊ इनिंग्जमागे दिलेले अर्न्ड रन, फिल्डरच्या चुकीने गेलेले रन वगळून; जितका कमी तितका पिचर भारी. सोबत शीट. शीटमध्ये खाली एकूण इनिंग्ज लिहिल्या होत्या 245.4.

अरे बाबा, एका इनिंगमध्ये आउट तीन, मग पॉइंट चार आलं कुठून? हा पॉइंट दशांश नाहीच, 107.2 म्हणजे 107 इनिंग्ज आणि वर दोन आउट. क्रिकेटमध्ये 4.3 ओव्हर अधिक 3.4 ओव्हर 7.7 होत नाही, 8.1 होते, हे ज्याला लहानपणापासून कळतं तोच पोरगा इथे एक्सेलला सम मारायला सांगतो आणि गप्प बसतो! 1995 च्या 67.0, 1996 च्या 107.2 आणि 1997 च्या 71.2, खरी बेरीज 246.1. मी तर इनिंग्ज ठेवतच नाही, सगळ्याचे आउट करतो, 201 अधिक 323 अधिक 215 म्हणजे 739, मग अर्न्ड रन गुणिले 27 भागिले आउट. कंटाळवाणं आहे, पण चुकत नाही.

पण खरी माती दुसरीकडेच खाल्ली होती. पठ्ठ्याने 5.51, 2.09 आणि 1.88 यांची बेरीज करून तीनने भागलं होतं. सरासरीची सरासरी! यावर माझं डोकं फिरतं. तिन्ही वर्षांचे अर्न्ड रन 41, 25, 15, एकूण 81, त्यावरून ईआरए येतो 2.96. वर 1995 मध्ये रिव्हेरा दहा मॅचमध्ये स्टार्टर होता, ते आकडे रिलीफच्या खात्यात टाकायचेच कशाला? आणि 2012 मध्ये गुडघा गेला तेव्हा त्याने फक्त 8.1 इनिंग्ज टाकल्या होत्या, त्या वर्षाला 107.2 वाल्या वर्षाइतकंच वजन देणार का? लीग अ‍ॅव्हरेजलाही हेच लागू, प्रत्येक वर्षाचं अ‍ॅव्हरेज पिचरच्या त्या वर्षीच्या आउटच्या प्रमाणात धरा. शॉर्टकट नाही, माझं शोधून झालंय.

मग ईआरए प्लस. 100 म्हणजे लीगइतका, रिव्हेराचा करिअरचा 205. लगेच लोक लिहितात "लीगपेक्षा 105 टक्के कमी रन". 105 टक्के कमी म्हणजे काय, बॅटरकडून रन परत घेतले? हे गणित लीगचा ईआरए भागिले पिचरचा असं असतं, वर मैदानावर रन काढणं सोपं की अवघड याचा हिशोब. म्हणजे 205 ला रन लीगच्या निम्म्याहून थोडे कमी, बस.

त्या लीग अ‍ॅव्हरेजमध्ये स्टार्टरही असतात हेही बघा. रिलीव्हर एक इनिंग जीव तोडून टाकतो आणि घरी जातो, त्यामुळे बहुतेक वर्षी त्यांचा एकत्र ईआरए स्टार्टरपेक्षा कमीच असतो. तुलना रिलीव्हर गटाशी करा, निम्मे हिरो तिथेच गळतात.

एका सीझनवर भाळू नका. रिलीव्हर एकर्सलीचा ईआरए 1990 मध्ये 0.61, रिलीव्हर ब्रिटनचा 2016 मध्ये 0.54, भारीच, पण ब्रिटनचे त्या वर्षी अर्न्ड रन अवघे चार. एखादा होमर (आपल्या षटकारासारखा फटका) जास्त बसला असता तर?

पिचर बदलताना आधीच बेसवर उभा असलेला रनर नंतर रन पूर्ण करून गेला तर तो रन आधीच्या पिचरच्या नावावर जातो, म्हणजे आग लावून पळालेला आणि आग विझवू न शकलेला, दोघांचा हिशोब वेगळा बघावा लागतो.

सेव्हवरून (आघाडी टिकवून मॅच संपवल्याबद्दल रिलीव्हरच्या नावावर लागणारा आकडा) जुन्या लोकांना मोजू नका, हा आकडा अधिकृत झाला 1969 मध्ये.

भाच्याची नवीन शीट काल आली. आउट बरोबर आहेत. आता म्हणतोय, "मामा, रिलीव्हर वॅग्नरचा ईआरए प्लस 187 आहे, पण इनिंग्ज 903 च आणि रिव्हेराच्या 1283.2, मग तुलना करू की नको?"

कर, पण 903 च्या पुढे पॉइंट काय आहे ते आधी बघ.