रूलेटच्या टेबलावर बसताय? मग या चुका टाळा

पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो बोटींवर शनिवार-रविवारी मराठी बोलणं हमखास कानावर पडतं. पुण्या-मुंबईचे, कोल्हापूर-बेळगावचे गट आलेले असतात, आणि त्यातले पहिल्यांदा आलेले बहुतेक जण रूलेटपाशीच थांबतात. पत्त्यांचे नियम पाठ करायला नकोत, चाक फिरतं, गोळी पडते, आकडा येतो. खेळ बघता बघता समजला असं वाटतं, आणि टेबलाचा हिशोब तेवढा मांडायचा राहून जातो.

चाक न बघता चिपा घेणं

आधी चाकावरची शून्यं मोजा. युरोपीय चाकावर 0 ते 36 अशी 37 घरं असतात. अमेरिकन चाकावर 00 चं एक घर जास्त, म्हणजे 38. एका आकड्यावर पैसे लावलेत आणि तोच आला, तर दोन्हीकडे 35 पटच मिळतात, शिवाय तुमची मूळ चिप (पैशांऐवजी टेबलावर लावायची टिकली) परत.

समजा, 37 घरांच्या टेबलावर तुम्ही प्रत्येक आकड्यावर 100 रुपये ठेवलेत. 3,700 रुपये टेबलावर गेले. आकडा कुठलाही येवो, हातात 3,600 येणार. कमी पडलेले 100 रुपये हा कॅसिनोचा वाटा, 2.70 टक्के. 00 असलेल्या टेबलावर 3,800 लावाल आणि मिळतील तेच 3,600, म्हणजे वाटा 5.26 टक्के. लास व्हेगासमध्ये 2016 पासून तीन शून्यांची टेबलंही आली, तिथे तो 7.69 टक्क्यांवर जातो. टेबलाचं कापड तेच, रंग तेच, म्हणून फरक लक्षातच येत नाही.

गंमत म्हणजे 18व्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये हा खेळ रुळला तेव्हा चाकावर दोन्ही शून्यं होती. 1840 च्या दशकात फ्रांस्वा आणि लुई ब्लाँ या भावांनी जर्मनीतल्या बाड होम्बुर्गमध्ये एका शून्याचं चाक ठेवून गिऱ्हाईक ओढलं. 1863 मध्ये फ्रांस्वा ब्लाँने माँटे कार्लोच्या कॅसिनोचा कारभार हाती घेतला आणि युरोपात एक शून्य स्थिरावलं. अमेरिकेत दोन राहिली. काही टेबलांवर फ्रेंच नियम असतो: लाल-काळ्यासारख्या दुप्पट पैजेवर शून्य आलं तर निम्मे पैसे परत. तिथे वाटा 1.35 टक्क्यांवर येतो. असा नियम आहे का, हे डीलरला, म्हणजे टेबल चालवणाऱ्या कर्मचाऱ्याला, सरळ विचारा.

जास्त आकडे झाकले म्हणजे सुरक्षित, असं समजणं

दोन आकड्यांच्या रेषेवर चिप ठेवली तर 17 पट, तिघांच्या ओळीवर 11, चार आकड्यांच्या कोपऱ्यावर 8, सहा आकड्यांवर 5, बारा आकड्यांच्या डझनावर किंवा उभ्या रांगेवर 2, आणि लाल-काळं, सम-विषम, 1 ते 18 किंवा 19 ते 36 यांवर 1 पट. एका शून्याच्या टेबलावर या सगळ्यांत कॅसिनोचा वाटा तोच, 2.70 टक्के. फक्त पैसे जायचा वेग बदलतो. दोन डझनांवर एकेक चिप ठेवली की 37 पैकी 24 घरं आपली, म्हणून दर थोड्या वेळाने जिंकल्यासारखं वाटतं. पण जिंकलात तर एक चिप येते, हरलात तर दोन जातात. 37 फेऱ्यांत सरासरी 24 चिपा आल्या, 26 गेल्या.

00 च्या टेबलावर एक पैज मात्र कायमची सोडून द्या: 0, 00, 1, 2, 3 अशी पाच आकड्यांची. तिला 6 पट मिळतात आणि वाटा 7.89 टक्के. त्या टेबलावरची सगळ्यांत वाईट पैज तीच.

मागचे आकडे बघून पुढचा ठरवणं

चाकाशेजारच्या पाटीवर आधी आलेले आकडे झळकत असतात. सात वेळा काळं आलं की आता लाल येणारच, असं प्रत्येकाला वाटतं. 18 ऑगस्ट 1913 ला माँटे कार्लोत ओळीने 26 वेळा काळं आलं. पंधरावीस फेऱ्यांनंतर लोक लालवर तुटून पडले होते, दर फेरीला रक्कम वाढवत होते, आणि कॅसिनोने त्या रात्री लाखो फ्रँक कमावले. सत्ताविसाव्या फेरीतही लाल यायची शक्यता 37 पैकी 18 एवढीच होती. गोळीला मागची फेरी माहीत नसते.

चाकातला खरा दोष हेरून जिंकलेली माणसं झाली आहेत. यॉर्कशरच्या जोसेफ जॅगरने 19व्या शतकात माँटे कार्लोत माणसं नेमून कितीतरी दिवस आकडे टिपून घेतले, तेव्हा कुठे एक वाकडं चाक सापडलं. पाटीवरच्या वीस आकड्यांतून असलं काही कळत नाही.

हरलं की दुप्पट लावणं

ही चूक सगळ्यांत महाग पडते. चांगली शिकलेली, हिशोबी माणसंही हिला फसतात, म्हणून आकडे नीट बघा. लालवर 100 लावायचे, हरलो तर 200, मग 400, 800, 1,600, 3,200, 6,400. कधी ना कधी लाल येईल आणि सगळं भरून निघून 100 रुपये वर राहतील, असं हे गणित. ओळीने सात वेळा हरलात तर खिशातून 12,700 गेलेले असतात आणि पुढची पैज 12,800 ची. तिथे टेबलाची कमाल मर्यादा आडवी येते. टेबलाची कमाल 10,000 असेल तर आठवी पैज लावताच येत नाही.

100 पासून सुरू करून जिंकेपर्यंतचा एक डाव धरला, तर एका शून्याच्या चाकावर ओळीने सात हार साधारण 106 डावांत एकदा येते. म्हणजे 105 वेळा शंभर-शंभर जिंकून 10,500 जमतात आणि एका वेळी 12,700 जातात. सुरुवातीचे कितीतरी डाव जिंकत गेल्यामुळेच माणसाला ही युक्ती खरी वाटते.

खिशातलेच पैसे मोजणं

वाटा लागतो तो खिशात आणलेल्या रकमेवर लागत नाही, दर फेरीला लावलेल्या रकमेवर लागतो. तासाला 40 फेऱ्या आणि फेरीला 500 रुपये धरले, तर तीन तासांत 60,000 रुपये टेबलावरून फिरतात, जरी तुम्ही 10,000 च घेऊन बसला असाल. एका शून्याच्या टेबलावर यातले सरासरी 1,620 जातात, दोन शून्यांच्या टेबलावर सुमारे 3,160. कमी लावा, संथ टेबल धरा, मध्ये उठून जेवून या. खर्च थेट घटतो.

त्याहून मोठा खर्च कराचा. कॅसिनोत चिपा घेताना दिलेल्या पूर्ण रकमेवर जीएसटी लागतो, ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के. म्हणून काउंटरवर आधी विचारा: 10,000 दिले तर हातात कितीच्या चिपा पडणार? पॅकेजमधल्या चिपा बऱ्याचदा एकदाच खेळायच्या असतात, त्या थेट वटत नाहीत.

टेबलावरचे खटके बहुतेक दोनच कारणांनी उडतात. रूलेटच्या रंगीत चिपा त्याच टेबलावर चालतात, तेव्हा उठण्याआधी डीलरकडून साध्या चिपा करून घ्या. आणि चिप रेषेला टेकली की ती दोन आकड्यांची धरली जाते, म्हणून एकच आकडा हवा असेल तर ती घराच्या मधोमध ठेवा. डीलरने हात फिरवून पैजा बंद केल्यावर ती हलवू नका.

गोव्यात 21 वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आणि 2020 पासून खुद्द गोवेकरांनाही कॅसिनोत खेळायला बंदी आहे. महाराष्ट्रात 1976 चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये तो रद्द झाला. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या रूलेटला 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने देशभर बंदी आहे, त्यामुळे टेलिग्रामवरून येणाऱ्या लिंका उघडूच नका. तिथे चाकावर शून्यं किती आणि गोळी खरी की नुसतं चित्र, हे तपासायची सोय तुमच्याकडे नसते. घरात कुणी हरलेले पैसे वसूल करण्यासाठी कर्ज काढू लागलं असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.